मधमाशीची माधुकरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ती कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती आली आहे आणि नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतामुळे ती मराठी घराघरांत पोचली. पृथ्वी, वारा, पाणी, अग्नी, कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण... गुरूंची ही यादी वाचली की एक गोष्ट लक्षात येते. यातला एकही गुरू मठात बसून पोथी सांगणारा नाही. बहुतेक सगळे रानातले आहेत. पृथ्वीला गुरू करताना अवधूत तिच्या अंगावरच्या डोंगराला आणि झाडालाही वेगळं आठवतो, कारण ही दोघं दुसऱ्यासाठीच जगतात. म्हणजे दत्तसंप्रदायाची पहिली शाळा रानात भरली, असं म्हटलं तर चुकणार नाही.

पण या कथेत एक प्रश्न कुणी विचारलेला नाही. तो मी आज आपल्यापुढे ठेवतो. अवधूत रानाकडून शिकला, हे खरं. त्याच्या जाण्याने रानाचं काय झालं? तो एकटा होता, अंगावर लंगोटी, हातात काही नाही. रानाला त्याची चाहूलही लागली नसेल. आज रानाकडून काही घ्यावं म्हणून हजारो लोक निघतात. कुणी शांतता घ्यायला, कुणी देवदर्शनाला, कुणी नुसते फोटो काढायला. यांनी जावं की जाऊ नये? सुंदर जागेवर प्रेम करणाऱ्याने तिथे जाणं हे पुण्य की त्या जागेवरचा अत्याचार?

हा प्रश्न मला हवेतला वाटत नाही, कारण तो आमच्या दारात येऊन उभा आहे. सुरगाणा तालुका म्हणजे नाशिक जिल्ह्याचं पश्चिम टोक. पलीकडे गुजरातचं डांग. नार आणि पार या नद्या आमच्या डोंगरांतून निघून पश्चिमेला जातात. पावसाळ्यात इथे आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवर बाया हंडे घेऊन कोस-कोस चालतात. श्रावण-भाद्रपदात मात्र माळावर उभं राहावं. तेरडा जांभळा-गुलाबी पसरतो, कवला पिवळा होतो, मग सोनकी येते, बांधावर कुरडू डोलतो, झाडीत रानहळद डोकं काढते. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी तर विचारूच नका. सात वर्षांनी एकदा सगळा उतार निळा होतो. आता शनिवार-रविवारी धबधब्यांवर आणि हातगडाच्या बाजूला गाड्यांची रांग लागते. आमच्या जवळच्या एका पाड्यावरच्या पोरांनी ठरवलं, की आपल्या वरच्या पठाराचं नाव करायचं, पाटी लावायची, माणशी पैसे घ्यायचे, चहा-भाकरीची सोय करायची. जुनी माणसं म्हणाली, पठारावर देव आहे, तिथे बाजार नको. मी तिथे बरीच वर्षं शिकवलेलं, म्हणून दोन्ही बाजूंनी मला विचारलं, "गुरुजी, तुम्हीच सांगा."

सांगणं सोपं नव्हतं. एका पोराने मला सरळ विचारलं, "गुरुजी, नागली-भाताची सुगी झाली की आम्ही दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या बागांत कामाला जातो. पोरं शाळा सोडून सोबत येतात. फुलं पाहायला लोक आले आणि घरीच चार पैसे मिळाले, तर त्यात पाप कसलं?" याला उत्तर देताना निसर्गरक्षणाचं व्याख्यान झोडणं मला जमलं नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने उपाशी माणसाला फुलं जपायला सांगू नये. पण म्हातारबाबाही खोटं बोलत नव्हते. त्यांनी शेजारचं सापुतारा बदलताना डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

निवृत्तीनंतर नाशिकच्या काही मंडळींबरोबर मी हिमालयात गढवालला जाऊन आलो होतो. तिथे जे पाहिलं आणि त्यानंतर जे वाचलं, ते या प्रश्नाच्या कामी येतं, म्हणून थोडं सांगतो.

बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाट लागतं. तिथून चढत घांगरियाला मुक्काम. तिथे दोन वाटा फुटतात. एक वर हेमकुंड साहिबला जाते, दुसरी भ्यूंडार खोऱ्यातल्या फुलांच्या दरीत. १९३१ साली कामेट शिखर चढून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती या खोऱ्यात उतरले. १९३७ मध्ये स्माइथ पुन्हा आले आणि १९३८ साली त्यांनी या दरीवर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून जगाला 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' हे नाव कळलं. दरी अर्थातच त्याआधीही होती आणि भ्यूंडारचे मेंढपाळ तिथे पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारत होते. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग नावाच्या वनस्पती-अभ्यासक बाई फुलं गोळा करताना उतारावरून घसरून तिथेच वारल्या. त्यांची समाधी दरीतच आहे, आणि तिच्या भोवती फुलं आहेत.

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. देवदार आणि भूर्जाची झाडी संपली, पुष्पावती नदीचा आवाज येऊ लागला आणि समोर माणसाच्या छातीइतकी उंच फुलं. त्यांतलं एक गुलाबी फूल पाहून मी थबकलो, कारण ते आपल्या तेरड्याचंच भाऊबंद होतं! पान वेगळं, उंची जास्त, पण शेंगेला बोट लावलं की फट्‌दिशी फुटून बी उडणार, ती खोड तीच. दहा हजार फुटांवर सुरगाण्याचा नातेवाईक भेटावा तसं झालं. हेमकुंडाच्या वाटेवर ब्रह्मकमळ पाहिलं. आपण घरी कुंडीत लावतो आणि रात्री फुललं की शेजाऱ्यांना बोलावतो, ते ब्रह्मकमळ अमेरिकेकडून आलेलं निवडुंगाच्या कुळातलं. हे खरं ब्रह्मकमळ बर्फाच्या शेजारी दगडांत उगवतं.

आता मुद्द्याकडे येतो. १९८२ साली ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि तिथली चराई बंद झाली. २००५ साली ती जागतिक वारसायादीत गेली. आत रात्री राहता येत नाही, संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं. हे सगळं चांगल्या हेतूने झालं. पण मेंढ्या गेल्यावर काही वर्षांनी 'अमेला' नावाची एक उंच वनस्पती दरीत माजू लागली आणि नाजूक फुलं तिच्या खाली दबू लागली. मेंढ्या नाहीत म्हणून हे झालं, असं काही अभ्यासक म्हणाले. काहींनी ते मान्य केलं नाही. वनखात्याला मात्र हा अमेला उपटून काढण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. म्हणजे पाहा, 'हात लावू नका' एवढ्याने रान जपलं जातं, असंही नाही. ज्यांचा हात शतकानुशतकं रानावर होता, तो हातही रानाचा एक भाग झालेला असतो.

आणि उलट बाजूही तितकीच खरी. गंगोत्रीच्या वर गोमुखाच्या वाटेवर भोजबासा नावाची जागा आहे. भोज म्हणजे भूर्जवृक्ष. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, ते झाड. नावात भूर्ज राहिला, जागेवर मात्र विरळ झाला. यात्रेकरूंच्या चुलीत गेला. ती माणसं वाईट नव्हती. गंगेच्या उगमाला हात जोडायला आलेली आपल्यासारखीच भाविक माणसं होती, थंडीने कुडकुडणारी. एकाने एक फांदी तोडली. एक फांदी म्हणजे काहीच नाही. पण एक फांदी तोडणारे हजारो झाले, की झाड उरत नाही. आपल्या भक्तीच्या हिशेबात ही फांदी कुणी धरत नाही, तिथेच सगळं चुकतं.

तर 'जाऊच नका' हे उत्तर अपुरं आणि 'देवाने सगळ्यांसाठी दिलंय, खुशाल जा' हेही अपुरं. इथे मला मधमाशी आठवते.

अवधूताने मधमाशीकडून दोन गोष्टी घेतल्या. पहिली, फुलाफुलावर जाऊन थोडं थोडं घ्यावं, कुठल्याही एका फुलाला ओरबाडू नये. यावरूनच भिक्षेला आपण माधुकरी म्हणतो. पाच घरी जायचं, घरधन्याला जड होणार नाही इतकंच घ्यायचं. प्रत्यक्ष दत्तप्रभू रोज कोल्हापुरात माधुकरी मागतात आणि माहूरला निद्रेला जातात, अशी आपली श्रद्धा आहे. त्रैलोक्याचा धनी, पण एका घरी पोटभर मागत नाही आणि एका गावी मुक्काम ठोकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे साठवू नये. माशीने साठवलं की तिचा साठाही जातो आणि तीही जाते. मध काढणारा माणूस हा तर अवधूताचा वेगळाच गुरू आहे; कष्टाने जमवलेलं भलताच कुणी घेऊन जातो, हे त्याच्याकडे पाहून कळलं.

पण मधमाशी एक तिसरी गोष्टही करते. तिच्या पायांना चिकटलेला पराग ती दुसऱ्या फुलावर नेते, आणि त्यातून फळ धरतं. ती आली म्हणून फुलाचं नुकसान झालं नाही, एवढंच नव्हे; ती आली नसती तर फुलाचा वंश खुंटला असता. घेणं आणि देणं एकाच फेरीत होतं.

कुणी म्हणेल, गुरुजी, हे दृष्टांतात गोड आहे. पण माशी काही ठरवून पराग नेत नाही. तिचे पायच तसे घडवलेले आहेत. फुलाचा आणि माशीचा करार निसर्गानेच लिहिलेला आहे. माणसाचा आणि पठाराचा असा करार कुठे आहे? आम्ही जाऊन तेरड्याला काय देणार?

आक्षेप बरोबर आहे. माणसाच्या पायाला पराग चिकटत नाही. चिकटतो तो चिखल, आणि मागे राहतं ते प्लॅस्टिक. म्हणूनच माणसाला जे निसर्गाने दिलं नाही ते नियमाने आणावं लागतं. नियम म्हणजे माणसाने स्वतःहून लिहिलेला करार. हा करार जुन्या माणसांनी लिहून ठेवला होता, हिमालयातही आणि आमच्याकडेही.

गढवालात वरच्या गवताळ कुरणांना बुग्याळ म्हणतात. तिथे जुनी रीत अशी, की नंदाष्टमी होईपर्यंत ब्रह्मकमळ तोडायचं नाही. बुग्याळावर मोठ्याने ओरडायचं नाही, भडक कपडे घालून जायचं नाही. वनदेवता, आछरी रागावतात. शहरातल्या माणसाला ही अंधश्रद्धा वाटेल. पण नंदाष्टमी येते भाद्रपदात, तोवर बरीचशी फुलं आपलं काम उरकत आलेली असतात. देवीने फुलाला तेवढी मुदत दिली, असं म्हणा. ही रीत सैल झाली आणि तंबू वाढले, तेव्हा २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की बुग्याळावर रात्रीचा मुक्काम करायचा नाही. जे काम आछरी फुकट करत होत्या, ते न्यायालयावर पडलं.

आणि आमच्या सुरगाण्यात? आमच्या कोकणा, वारली, महादेव कोळी बांधवांच्या घरात आजही पाहा. रानात तेऱ्याची कोवळी पानं आषाढाच्या आधीच वर आलेली असतात, पण तेऱ्याचा सण झाल्याशिवाय ती भाजी चुलीवर चढत नाही. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात जात नाही. चैत्राच्या आसपास मोहाची फुलं गळतात. पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि खाली पडलेलं फूल वेचतात. झाडावर चढून फूल कुणी ओरबाडत नाही. झाडाने जे सोडलं ते आपलं. यापेक्षा शुद्ध माधुकरी कोणती सांगावी? अर्थात यातही खोट शिरते. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणी पेटवतो आणि तोच वणवा होऊन डोंगर खातो. आदिवासी म्हणजे उपजत ऋषी, असं म्हणून मला त्यांची पूजा करायची नाही. माणूस सगळीकडे सारखाच. त्यांच्याकडे नियम टिकून राहिला आणि आपल्याकडे तो पोथीत राहिला, एवढाच फरक मी सांगतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण याच महिन्यातलं आहे. आपण मार्गशीर्षात गुरुचरित्राचं पारायण करतो, पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा हलवतो. त्याच मार्गशीर्षात सुरगाणा, कळवण, बागलाणच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव बसतो. व्रत घेतलेली माणसं अनवाणी राहतात, घरदार सोडून नेमाने वागतात, रात्री पावरीच्या सुरावर फेर धरतात आणि पौर्णिमेच्या सुमारास देवाच्या डोंगरावर जाऊन दर्शन घेऊन परततात. डोंगरावर जायचं तर आधी स्वतःला त्या लायक करायचं, मग पाऊल उचलायचं. डोंगर रोज समोर असतो, पण देव म्हणून त्याच्याकडे जाण्याचा काळ ठरलेला आहे. गुरुचरित्र वाचणारा सोवळ्यातला गृहस्थ आणि पाड्यावरचा डोंगऱ्यादेवाचा व्रतस्थ एकाच चंद्राखाली एकच गोष्ट करत असतात, असं मला दर वर्षी वाटतं.

म्हणून पाड्यावरच्या बैठकीत मी जे बोललो ते असं. पोरांनो, लोकांना बोलवा. पोटासाठी कष्ट करणं यात पाप नाही. पण आधी तुमच्या आजोबांना विचारून ठरवा की पठाराचा कुठला भाग कुणालाही कधीच दाखवायचा नाही. देवाची जागा, पाण्याचा उगम, कारवीचा उतार. ते झाकून ठेवा. दिवसाला किती माणसं, ते ठरवा आणि त्यापुढच्या माणसाला पैसे देत असला तरी हात जोडून परत पाठवा. ज्याला परत पाठवता येत नाही तो धनी नव्हे, तो गडी झाला. बी धरायच्या दिवसांत पठार बंद ठेवा. आणि आलेल्या पैशांतला वाटा आधी पठाराला द्या, मग घराला. त्यातून वणव्याच्या दिवसांत राखण करणाऱ्याला मजुरी मिळू दे. सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेच्या शब्दाला वजन दिलेलं आहे. २०१८ च्या मार्चमध्ये आपल्याच भागातली माणसं वनहक्कासाठी पाय सोलपटेपर्यंत नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली. इतक्या कष्टाने मागितलेला हक्क पार्किंगवाल्याच्या हाती देऊ नका.

एक म्हातारबाबा म्हणाले, "आणि गुरुजी, येणाऱ्यांनी काय द्यायचं? पैसा दिला म्हणजे झालं?"

हा प्रश्न पाड्यासाठी नव्हता, आपल्यासाठी होता. नाशिक-पुण्या-मुंबईहून जाणारे आपणच. साताऱ्याचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसायादीत गेलं, आणि नंतर तिथे गर्दी आवरायची कशी, कुंपण घालावं की काढावं, यावर किती वाद झाले ते आपण वाचलं आहे. कुंपणाने बाहेरचा पाय थांबतो. आतली हाव थांबवायला दुसरं कुंपण लागतं. गाणगापूरला किंवा नृसिंहवाडीला जाताना आपण जसा नेम धरतो, तसा नेम रानात जाताना का धरू नये? एक दिवस मोठ्याने बोलणार नाही. वाट सोडून फुलांत उतरणार नाही. देवपूजेसाठीसुद्धा रानफूल तोडणार नाही. ते जिथे फुललं तिथेच देवाला वाहिलेलं आहे. शंभर फोटोंची साठवण करण्यापेक्षा एका फुलासमोर दहा मिनिटं बसेन. ज्या गावाचं पाणी प्यायलो त्या गावात जेवेन आणि तिथली एखादी वस्तू विकत घेईन. आणि ज्या जागेला माझ्या जाण्याने इजा होईल असं कळलं, तिथे घरूनच नमस्कार करेन. दत्तप्रभू स्मर्तृगामी आहेत, स्मरण करताच येतात, हे आपणच सांगतो ना? मग काही डोंगरांचं नुसतं स्मरण करायला काय हरकत आहे?

गुरुचरित्रात नरहरीची कथा आहे. अंगावर कोड असलेल्या त्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी औदुंबराचं वाळलेलं लाकूड दिलं आणि त्याला पाणी घालायला सांगितलं. लोक हसले. तो घालत राहिला, आणि लाकडाला पालवी फुटली, तशी त्याची कायाही शुद्ध झाली. आजवर मी ही कथा श्रद्धेचा महिमा म्हणून वाचत आलो. आता तिच्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. त्याचं बरं होणं आणि झाडाचं जगणं श्रीगुरूंनी एकत्र बांधून टाकलं होतं. झाड वाळलेलंच राहून तो एकटा बरा झाला, असं त्या कथेत घडत नाही.

पाड्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. पोरांनी नियमांचा कागद केला आहे, म्हातारे त्यावर बोट ठेवून एकेक ओळ पुन्हा वाचायला लावतात. त्यांना वेळ घेऊ द्या. येत्या पावसात आपल्यापैकी कुणी आमच्याकडे आलंच, तर आधी पाड्यात विचारा, "वर जाऊ का?" उत्तर 'हो' आलं तर हळू जा. 'नाही' आलं तर सोनकीकडे खालूनच पाहून हात जोडा आणि परत फिरा. त्या दिवशीची माधुकरी तेवढीच होती, असं समजा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!

॥ श्रीदत्तात्रेयार्पणमस्तु ॥